घोस्ट मारणे

इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये 'कॉपी' या शब्दाइतका लाडका शब्द दुसरा नसेल. असाइनमेंट कॉपी, जर्नल कॉपी, सिनियरच्या प्रोजेक्ट रिपोर्टची कॉपी... सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर एक जर्नल फिरतं आणि सकाळपर्यंत त्याची चाळीस बाळं जन्माला येतात. सगळ्यांच्या रीडिंगमध्ये तीच चूक, सगळ्यांच्या ग्राफला त्याच ठिकाणी तोच टेंगूळ! पण मी ज्या कॉपीबद्दल लिहिणार आहे ती जरा वेगळी. एका कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क, पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत, नेटवर्कच्या वायरमधून दुसरीकडे नेणे. आपल्या लॅबच्या भाषेत, 'घोस्ट मारणे'.

आधीच सांगून ठेवते, मी कॉन्व्हेंटवाली. साताऱ्याला मावशीकडे राहून सिस्टर्सच्या शाळेत शिकले. मराठी होतं, पण थर्ड लँग्वेज म्हणून, शनिवारच्या शेवटच्या तासाला, सगळे पेंगत असताना. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी संपादक (म्हणजे माझी रूममेट) जे काही करेल ते मला मान्य आहे. खरं तर हा लेख मी इंग्लिश सेक्शनला देणार होते. का नाही दिला, ते पुढे येईलच.

तर घोस्ट. हा शब्द आला कुठून? न्यूझीलंडमधून! ऑकलंडच्या मरे हॅझर्ड नावाच्या माणसाने १९९५-९६ च्या सुमारास एक प्रोग्रॅम लिहिला. एका मशीनवर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर्स नीट लावून घ्यायची आणि त्या डिस्कची हुबेहूब प्रत बाकीच्या मशीन्सवर उतरवायची. त्याचं नाव घोस्ट, म्हणजे जनरल हार्डवेअर ओरिएंटेड सिस्टिम ट्रान्सफर. (हे फुल फॉर्म नंतर ओढूनताणून बसवलंय असं माझं मत.) १९९८ मध्ये सिमँटेकने ती कंपनी विकत घेतली, पुढे त्याचं नॉर्टन घोस्ट झालं आणि २०१३ मध्ये ते विकणंही बंद झालं. म्हणजे घोस्ट मेलं, पण 'घोस्ट मार' हे क्रियापद आपल्याकडे अजून जिवंत आहे. हेच खरं भूत!

आज आपल्या लॅबमध्ये जे चालतं ते क्लोनझिला. तैवानच्या एका सरकारी सुपरकॉम्प्युटर केंद्रात तयार झालेलं, फुकट आणि ओपन सोर्स. मी ते पहिल्यांदा पाहिलं सेकंड इयरच्या सुट्टीत, लॅब असिस्टंट काकांना मदत करायला थांबले तेव्हा. मदत म्हणजे काय, एसीत बसायला मिळेल हा शुद्ध हेतू. पण काकांनी तीस मशीन्स एकदम रिकाम्या स्क्रीनवरून उठवली तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. एकाही मशीनमध्ये सीडी नाही, पेन ड्राइव्ह नाही. मशीन चालू होतं, नेटवर्कवर ओरडतं, "मी कोण? माझा पत्ता काय?" सर्व्हर त्याला आयपी ॲड्रेस देतो आणि सांगतो की अमुक फाइल माझ्याकडून घे आणि त्यावर बूट हो. याला पीएक्सई म्हणतात. आपल्याला कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पेपरला डीएचसीपी आणि टीएफटीपीवर टीप लिहा येतं ना, तेच. चार मार्कांची टीप डोळ्यांसमोर चालताना पाहिली की कसं वाटतं, ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

आता गणित बघा. मास्टर मशीनची डिस्क ५०० जीबीची, पण त्यात भरलेला माल ४० जीबी. क्लोनझिला फाइल सिस्टिम ओळखतो, त्यामुळे तो फक्त भरलेले ब्लॉक उचलतो, रिकामी जागा वाहून नेत नाही. गिगाबिट नेटवर्कवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. तीस जणांना एकेकट्याने वाढायचं तर ४० गुणिले ३०, म्हणजे १२०० जीबी, म्हणजे तीन तास. पण मल्टिकास्ट केलं तर सर्व्हर एकदाच बोलतो आणि तिसांच्या तीस मशीन्स ऐकतात. पंगतीत एकेकाच्या कानात श्लोक न म्हणता मोठ्याने एकदाच म्हणायचा, तसं. कागदावर सहा-सात मिनिटांत काम खल्लास!

कागदावर. कारण मल्टिकास्टमध्ये सगळ्यांत सुस्त मशीनच्या वेगाने सगळ्यांना चालावं लागतं. त्या दिवशी सगळी लॅब मुंगीसारखी सरकायला लागली. काका उठले, एक एक लाइट बघत गेले आणि एकोणीस नंबरच्या मशीनची केबल उपटून दुसरी लावली. तिचा एक जोड ढिला होता, म्हणून ते मशीन गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर चालत होतं आणि बाकीच्या एकोणतिसांना मागे खेचत होतं. "ग्रुप प्रोजेक्ट बघितलाय का कधी?" काका म्हणाले. मी म्हटलं, बघितलाय काका, चांगलाच बघितलाय.

जाताना काकांनी मला एक सीडी दिली. त्यांच्या ड्रॉवरमधली, जुन्या ३२ बिटच्या मशीनवर चालणारी लाइव्ह लिनक्सची. वर मार्करने 'औषध' असं लिहिलेलं. माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, तर हिचं मी करू काय? काका म्हणाले, "असू दे. जुनं मशीन कुठे ना कुठे भेटतंच."

ते भेटलं आमच्याच घरी.

आमचं फलटणला डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, जत्रेची पत्रकं. दुकानात पप्पा एकटेच. आणि त्यांचा एक कॉम्प्युटर, २००२ साली घेतलेला पेंटियम फोर. म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा, दादाच म्हणायला हवं! विंडोज एक्सपी, ५१२ एमबी रॅम आणि मधे कधीतरी बदललेली ८० जीबीची डिस्क. इंटरनेटला तो कधीच जोडलेला नाही, त्यामुळे व्हायरस नाही आणि एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला तरी पप्पांच्या गावीही नाही. त्यावर पेजमेकर आणि मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर, ज्याचं कुलूप, म्हणजे डाँगल, मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेलं. मी कितीदा म्हटलं असेल, पप्पा नवा घ्या, युनिकोड वापरा. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "आणि आधीचं कोण उघडणार?"

मुद्दा बरोबरच आहे हो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला 'क' हा कॉम्प्युटरच्या दृष्टीने 'क' नसतोच. तो कुठलंतरी इंग्लिश अक्षर किंवा चिन्ह असतो, ज्याला फॉन्टने 'क' चा मुखवटा चढवलेला. फॉन्ट काढून घ्या, की वीस वर्षांच्या लग्नपत्रिका म्हणजे नुसता डॉलर, टक्का आणि कंसांचा चिवडा. इन्स्टॉल करायची मूळ सीडी केव्हाच ओरखडे पडून गेलेली. थोडक्यात, नुसत्या फाइल्स कॉपी करून भागणार नव्हतं. मशीन जसं आहे तसं, विंडोजसकट, फॉन्टसकट, पप्पांनी डेस्कटॉपवर मांडलेल्या पसाऱ्यासकट उचलायला हवं होतं.

उचलायची वेळ आली दिवाळीत. "कॉम्प्युटर जरा अडकतोय, आलीस की बघ," एवढंच पप्पा फोनवर म्हणाले होते. लक्ष्मीपूजनाला दुकानात पूजा मांडली, सीपीयूला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला. सवयीप्रमाणे पप्पांनी बटण दाबलं. आणि आतून आवाज आला. टक्... टक्... टक्.

ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि त्यांच्यावर अगदी केसाएवढंही अंतर न ठेवता हेड तरंगतं. एखादा सेक्टर वाचता आला नाही की ते हेड मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं. टक्. तो त्याचा हेलपाटा असतो. जितके हेलपाटे जास्त, तितकं उरलेलं आयुष्य कमी. मी पप्पांना म्हटलं, बंद करा, आत्ताच्या आत्ता. ते म्हणाले, अगं पूजा चाललीय. मी वायरच काढली. आई म्हणाली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिवा विझवतात का? आमच्या घरात त्या रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

पत्रिकांचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो, म्हणजे हातात दहा-अकरा दिवस. पण पप्पांच्या कपाळावरची आठी पत्रिकांची नव्हती. पत्रिका काय, पुन्हा करता येते. आठी होती गुरुजींच्या पुस्तकाची.

गुरुजी म्हणजे जवळच्याच एका गावचे निवृत्त शिक्षक, वय ब्याऐंशी. गेली बारा वर्षं ते आपल्या गावाचा इतिहास लिहितायत. राजे-महाराजांचा नव्हे, गावाचा. कुठली विहीर कोणी खणली, कुठल्या आळीत कुठले बलुतेदार, नीरा उजव्या कालव्याचं पाणी शिवारात आल्यावर काय बदललं, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेलं. म्हाताऱ्या माणसांना विचारून विचारून लिहिलेलं. त्यातली बरीचशी माणसं आता नाहीत. गुरुजी फुलस्केपवर लिहायचे, पप्पा टाइप करून प्रूफ द्यायचे, गुरुजी त्यावर लाल पेनने इतकं नवं लिहायचे की मूळ कागद ओळखू येऊ नये. तीन तीन प्रुफं झालेली. वहीत आहे ते पहिलं पुस्तक, कॉम्प्युटरमध्ये आहे ते खरं पुस्तक. जुनी प्रुफं पप्पा रद्दीत घालायचे, कारण दुकान दहा बाय बारा. २०१४ पर्यंत ते दर दिवाळीला सगळं सीडीवर भरून ठेवायचे. मग सीडी रायटर बंद पडला, आणि तेव्हापासूनचं सगळं त्या एका टकटकणाऱ्या डिस्कवर.

आता इंजिनिअरिंगचा भाग, नॉन-आयटीवाल्यांनी हवं तर पुढे जावं. (जाऊ नका, सोपं आहे.)

डिस्क काढून लॅपटॉपला का जोडली नाही? कारण ती आयडीई, रुंद पट्ट्याच्या केबलवाली. तिचं कन्व्हर्टर फलटणमध्ये, तेही ऐन दिवाळीत, कोण देणार! यूएसबी का नाही? मशीन २००२ चं, त्याला यूएसबी १.१, सेकंदाला कसाबसा एक एमबी. ८० जीबीला बावीस-तेवीस तास लागले असते, आणि ती डिस्क तितके तास टिकेल याची काय खात्री? पण मशीनच्या पाठीमागे एक भोक होतं, ज्यात वीस वर्षांत कोणी काही घातलं नव्हतं. त्यात कोळ्याने घर केलेलं. लॅन पोर्ट! १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला अकरा एमबीच्या आसपास. सगळं सुरळीत झालं तर दोन तास.

केबल शेजारच्या सायबर कॅफेवाल्या दादांनी दिली. त्यांचा कॅफे आता आधार आणि सातबाऱ्याच्या प्रिंट काढतो, पण वायरींचा ढीग अजून आहे. एक टोक पप्पांच्या मशीनला, दुसरं माझ्या लॅपटॉपला, मधे स्विच नाही की राउटर नाही. पूर्वी असं थेट जोडायला क्रॉस केबल लागायची. आताचा पोर्ट कुठली तार कुठे आहे हे स्वतःच ओळखून घेतो. एकाला १९२.१६८.१.१, दुसऱ्याला १९२.१६८.१.२. काकांची 'औषध' सीडी आत सरकवली, आणि तो सीडी ड्राइव्ह म्हातारा असूनही पहिल्या फटक्यात फिरला. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. पप्पा म्हणाले, "बिघडला?" मी म्हटलं, नाही, हा शुद्धीवर आहे.

डिस्क कॉपी करायची लिनक्समधली सगळ्यांत जुनी कमांड म्हणजे डीडी. डीडी म्हटलं की आपल्याला दूरदर्शन नाहीतर फीचा डिमांड ड्राफ्ट आठवतो, पण ही जास्त धोक्याची. कुठून आणि कुठे, एवढं दोनच सांगायचं. उलटं सांगितलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढते आणि कमांड एका शब्दाने विचारत नाही की बाई, नक्की ना? डीडीमधून बाहेर पडणारे बाइट्स नेटकॅट नावाच्या नळीत सोडले की पलीकडच्या मशीनवर पडतात. निरोगी डिस्कला हे पुरतं. पण आजारी डिस्कवर डीडी पहिल्या न वाचता येणाऱ्या सेक्टरला थांबतो. आणि नळीतून गेलेलं पाणी मागे घेता येत नाही. राहिलेली जागा सोडून पुढे जाऊ, नंतर मागे येऊन भरू, असं नळीत करता येत नाही.

म्हणून डीडीरेस्क्यू. हा प्रोग्रॅम म्हणजे पेपर सोडवायची आपली पद्धत! आधी येणारे सगळे प्रश्न पटापट सोडवायचे, अडला की सोडून पुढे. मग उरलेल्यांकडे परत यायचं. आणि अगदी शेवटी एकेक सेक्टर खरवडत बसायचं. कुठलं झालं, कुठलं राहिलं याचा नकाशा तो एका फाइलमध्ये लिहीत जातो. पण त्याला हवी तिथे लिहिता येईल अशी फाइल लागते, नळी नाही. त्यामुळे मी लॅपटॉपवरचा एक फोल्डर एनएफएसने शेअर केला आणि पप्पांच्या मशीनला तो आपलाच वाटेल असा जोडून दिला. एसएसएचवरून केलं नाही, कारण प्रत्येक बाइट कुलूपबंद करून पाठवायचा म्हणजे त्या पेंटियमचा जीव जायचा. आणि दोन हातांच्या वायरीवर चोर येणार कुठून?

रात्री साडेनऊला एंटर दाबलं. आकडे पळायला लागले. सेकंदाला १०.९ एमबी, ११.०, १०.८. मी, पप्पा आणि आई तिघं दुकानाचं शटर अर्धं ओढून त्या आकड्यांकडे बघत बसलो. आईने करंज्यांचा डबा आणला. बाहेर फटाके. मॅचच्या शेवटच्या ओव्हरला बसतात तसे आम्ही ३१ जीबी, ३२ जीबी करत होतो.

४३ ला टक् सुरू झालं. वेग शून्य. मग डीडीरेस्क्यूने तो भाग सोडून उडी मारली आणि पुन्हा पळायला लागला. पप्पांना हे फार आवडलं. "शहाणा आहे," म्हणाले.

पावणेबाराच्या सुमारास लाइट गेली! फलटणात दिवाळीच्या रात्रीही जाते, त्यात नवल नाही. लॅपटॉप बॅटरीवर होता, पप्पांचं मशीन मेलं. पप्पा अंधारात काही बोललेच नाहीत. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता तेच बरं. पण नकाशाची फाइल माझ्या लॅपटॉपवर होती. चाळीस मिनिटांनी लाइट आली, सीडी पुन्हा फिरली, तीच कमांड पुन्हा दिली आणि आकडा शून्यापासून नाही, जिथे थांबला होता तिथून सुरू झाला. त्या क्षणी मला त्या प्रोग्रॅमच्या लेखकाला एक करंजी पाठवावीशी वाटली.

सकाळी सहाला मी बाकावर झोपलेली आणि पप्पा स्टुलावर जागे. स्क्रीनवर होतं ते असं: एकूण ८०,०२६,३६१,८५६ बाइट्स. न वाचता आलेले ४९,१५२. म्हणजे ९६ सेक्टर, ४८ केबी. ऐंशी अब्जांत एकोणपन्नास हजार! टक्केवारीच काढायची तर हसू येईल. मी आनंदाने ओरडले. पप्पांनी फक्त विचारलं, "कुठले?"

प्रश्न बरोबर होता. ४८ केबी कुठल्या तरी जुन्या टेम्पररी फाइलचे असतील तर शून्य नुकसान. गुरुजींचे असतील तर... मी इमेजची आणखी एक प्रत काढली आणि डीडीरेस्क्यूलाच सांगितलं की जिथे जिथे वाचता आलं नाही तिथे एक खुणेचा शब्द भर. मग ती इमेज उघडून सगळ्या फाइल्समध्ये तो शब्द शोधला. दोन फाइल्स निघाल्या. एक विंडोजची, छपाईला गेलेल्या कुठल्या तरी कागदाचा उरलेला गाळ. दुसरी गुरुजींच्या पुस्तकाची. सातवं प्रकरण, 'पाणी', बावीस पानं. आणि पेजमेकरची फाइल मधेच भोक पडलेली असेल तर ती उरलेलंही दाखवत नाही.

बाकीची सोळा प्रकरणं शाबूत. तरी पप्पा गप्प. तेवढ्यात आईला आठवलं, की सातव्याचं प्रूफ तर गुरुजी घेऊन गेलेत, अजून परत आलेलं नाही! भाऊबीज झाल्यावर पप्पा स्कूटरवरून जाऊन ते घेऊन आले. लाल पेनाने नखशिखांत रंगलेलं.

आता नवी डिस्क. मी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, बुधवार पेठेत तपकीर गल्ली उघडायची वाट बघत चहा प्यायले, आणि एक आयडीईचं कन्व्हर्टर आणि १२० जीबीची एसएसडी घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. दुकानदार म्हणत होता २४० ची घ्या, थोडाच फरक आहे. पण त्या काळातल्या बऱ्याच मशीन्सना डिस्कवरच्या जागेचा पत्ता लिहायला २८ बिटच असतात. दोनचा अठ्ठाविसावा घात गुणिले ५१२, म्हणजे १३७ जीबी. त्यापलीकडची जमीन त्यांना दिसतच नाही, आणि कधी कधी दिसत नसूनही तिथे लिहायला जातात. म्हणून १२०. दुकानदाराला हे समजावून सांगितलं तर त्याने दहा रुपये कमी केले.

घोस्ट उलट्या दिशेने मारला. लॅपटॉपवरून तीच वायर, तेच अकरा एमबी, आणि या वेळी एकही टक् नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर निळी स्क्रीन येऊन विंडोजने डिस्क तपासून घेतली. मग एक्सपीची ती हिरवी टेकडी आली. त्यावर पप्पांचे सगळे आयकॉन, जिथल्या तिथे. विंडोजला पत्ताही नाही की आपण ज्या घरात राहत होतो ते घरच बदललंय. पप्पांनी गुरुजींचा फोल्डर उघडला, पहिलं प्रकरण उघडलं, शेवटच्या पानापर्यंत गेले आणि मग चष्मा काढून पुसला.

राहिलं सातवं. पप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे; ऑपरेशन सीझननंतर करायचं ठरलंय. कीबोर्डकडे बघायची त्यांना गरज नाही, टाइपरायटरच्या इन्स्टिट्यूटपासूनची बोटं आहेत. पण लाल पेनाचं बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. मला दिसतं, पण तो टाइपरायटर लेआउट मला येत नाही. मी मराठी टाइप करते ते फोनवर, फोनेटिकमध्ये. तेव्हा ठरलं, मी वाचायचं आणि त्यांनी टाइप करायचं.

बावीस पानांना दोन दिवस लागले. कारण दर चौथ्या ओळीला मी थांबत होते. "पप्पा, सोंदूर म्हणजे काय?" मोटेची खालची बारीक दोरी. वरचा जाड तो नाडा. "थारोळं?" मोट जिथे रिकामी होते ते कुंड. "धाव? बैल धावतात ती?" धाव म्हणजे बैलांची उतरती वाट, विहिरीपासून पुढे जाणारी. "काळी आणि पांढरी?" काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावाची वस्तीची जागा. प्रत्येक वेळी पप्पांची बोटं थांबायची, ते कॉपीच्या कागदाच्या मागे पेन्सिलने चित्र काढून दाखवायचे आणि मग पुन्हा टकटक सुरू. (कीबोर्डची!) ते स्वतः लहानपणी मोटेवर बसलेत, हे मला विसाव्या वर्षी कळलं. विचारलंच नव्हतं कधी.

दुसऱ्या दिवशी दुपारी १९७२ चं पान आलं. खडी फोडायला गेलेल्या बायकांची नावं गुरुजींनी ओळीने लिहिलेली, लाल पेनाने आणखी सहा वाढवलेली. मी एकेक वाचत गेले. पाचव्या नावाला पप्पांनी हात वर केला. "थांब. परत वाच." मी परत वाचलं. ती माझी पणजी. पप्पांनी ते प्रकरण आधीही टाइप केलं होतं, पण ही सहा नावं तेव्हा नव्हती. त्यांनी ते टाइप केलं, सेव्ह केलं, आणि म्हणाले, "हं, पुढे."

संध्याकाळी मी ते प्रकरण लगेच लॅपटॉपवर घेतलं, दुसऱ्या मशीनच्या इमेजमध्येही घेतलं, आणि पेन ड्राइव्हवर एक प्रत आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. आई म्हणते डबा आता लहान पडतोय. लॅबमधल्या काकांना मी हे सगळं सांगितलं तर त्यांनी ती 'औषध' सीडी परत घ्यायला नकार दिला. "ठेव. वरची एक्स्पायरी अजून झाली नाही," म्हणाले.

हा लेख मराठीत का, ते एवढ्यासाठी. 'सोंदूर' इंग्लिश सेक्शनमध्ये कसं लिहिणार होते मी?

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः दुकानात आले. सातव्याचं नवं प्रूफ हातात घेतलं, बाकावर बसले, चष्म्यावर चष्मा धरून तासभर वाचलं. मी चहा दिला. मग खिशातून लाल पेन काढून शेवटच्या पानाच्या समासात लिहायला सुरुवात केली. मी पप्पांकडे पाहिलं, पप्पांनी कपाळाला हात लावला. "काय करणार बाळ," गुरुजी मान वर न करता म्हणाले, "आणखी एक विहीर आठवली."